वर्गणी, कपात आणि श्रमदान : नोकरदारांच्या दानव्यवहाराची मराठी परिभाषा

नोकरीच्या ठिकाणी सहकाऱ्यांनी एकत्र येऊन परोपकारासाठी पैसा उभा करावा, किंवा कचेरीच्या वेळातील काही तास लोकसेवेस द्यावेत, ही रीत अलीकडे मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतून ‘कर्मचारी स्वयंसेवा’ ह्या नावाने वावरू लागली आहे. हे नाव भाषांतरित आहे हे उघड आहे. आणि नाव भाषांतरित म्हणून वस्तूही परदेशातून आली असावी, अशी समजूत अभ्यासकांतही आढळते. तिच्या जोडीला दुसरी एक समजूत असते : गावच्या मंडळाची वर्गणी ही रूढीने लादलेली, तर कंपनीतील स्वयंसेवा ही व्यक्तीने स्वेच्छेने पत्करलेली. ह्या दोन्ही समजुती शब्दांच्या वरवरच्या रूपावर विसंबून आहेत. शब्द वाक्यात कसे चालतात हे पाहू लागले की त्या टिकत नाहीत.

हे तपासण्यास मालवणच्या किनाऱ्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. तोंडवलीचेच उदाहरण घ्यावे. (लेखनात ‘तोंडवळी’ असेही रूप आढळते.) मालवणच्या उत्तरेस गड नदी समुद्राला मिळण्यापूर्वी किनाऱ्याशी समांतर वाहते आणि नदी व समुद्र ह्यांच्यामध्ये वाळूची एक लांब, अरुंद पट्टी राहते. तोंडवली आणि तळाशील ह्या पट्टीवरची. नदीमुखाच्या पलीकडे सर्जेकोट. अशा भूमीत निर्वाहाची साधने मोजकीच : नारळ, मासळी आणि मुंबई. तिसरे साधन पहिल्या दोहोंइतकेच जुने नसले, तरी १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केल्यानंतरच्या काळात त्याने ह्या किनाऱ्याचे सारे अर्थकारण व्यापले. गिरण्यांना माणसे पुरवणाऱ्या प्रदेशांत रत्नागिरी जिल्ह्याचे स्थान अग्रभागी होते; आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. गावाकडे येणारा पैसा दोन वाटांनी येई. एक मनिऑर्डरीची, घरापुरती. दुसरी मंडळाची, गावासाठी. ह्या दुसऱ्या वाटेवर जो लेखी मजकूर साचला, म्हणजे पावत्या, जमाखर्च, स्मरणिका, शाळेच्या आणि देवळाच्या भिंतींवरील शिलापट्ट, तो भाषाभ्यासकांच्या दृष्टीने फारसा कोणी वाचलेला नाही.

प्रथम क्रियापदे पाहावीत. नामांचे अर्थ कोशात मिळतात, पण व्यवहारातील बंधने क्रियापदांत दिसतात. ‘वर्गणी’ काढली जाते, घरटी किंवा माणशी ‘बसते’, ती ‘भरावी’ लागते, ‘थकते’, कोणी ती ‘चुकवतो’ किंवा ‘बुडवतो’. ‘देणगी’ मात्र दिली जाते आणि मिळते; ती थकत नाही, बसत नाही, आणि ‘अमुक गृहस्थाने देणगी बुडवली’ असे कोणी म्हणत नाही. ‘दान’ करावयाचे असते. ‘निधी’ उभारावयाचा, जमवावयाचा, आणि सरकारी भाषेत ‘संकलित’ करावयाचा असतो. थकणे, भरणे, बुडवणे ही क्रियापदे मराठीत कर्ज, सारा, भाडे आणि हप्ता ह्यांच्याशी जोडली जातात. म्हणजे वर्गणी हा शब्द भाषेच्या हिशेबात देण्याच्या बाजूचा नसून देणे लागण्याच्या बाजूचा आहे. तिचा सख्खा सोयरा ‘पट्टी’ हा शब्द होय. घरपट्टी आणि पाणीपट्टी ह्या जोडशब्दांत त्याचा कराशी असलेला संबंध उघडच राहिला आहे. वर्गणी देणारा माणूस गावावर उपकार करीत नाही. गावात त्याचा जो वाटा आहे त्याची किंमत तो भरतो.

वाट्याची ही कल्पना किनाऱ्यावर नवी नव्हती. रापणीचे जाळे समुद्रात सोडून किनाऱ्यावरून दोन्ही अंगांनी ओढतात, आणि आलेल्या मासळीत ओढणाऱ्यांचा वाटा असतो. वाटा हा तेथे पगारही नाही आणि दानही नाही. अशा समाजातून मुंबईत गेलेल्या माणसाला ‘गावच्या शाळेसाठी प्रत्येकी इतके’ ही भाषा समजावून सांगावी लागली नसेल. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस ह्यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात भेट देणे, स्वीकारणे आणि परत करणे ह्या तीन बंधनांचा विचार मांडला. परंतु वर्गणी त्या चौकटीतही नीट बसत नाही, कारण तेथे देणारा आणि घेणारा ही दोन माणसे वेगळी काढता येत नाहीत. तोंडवलीच्या शाळेला वर्गणी भरणारा तोंडवलीचाच असतो.

आता हा व्यवहार नोकरीच्या जागेशी कसा बांधला गेला होता ते पाहणे आवश्यक आहे. कारण मंडळ गावाचे असले तरी वसुलीची वाट बहुधा कामाच्या ठिकाणावरूनच जाई. राजनारायण चंदावरकर ह्यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या गिरणी-उद्योगाची जी मांडणी केली, तीत कामगाराची भरती, उधारी, निवारा आणि गाव ह्यांचे परस्परसंबंध विस्ताराने आले आहेत. जॉबर आपल्या ओळखीच्या, पुष्कळदा आपल्याच मुलखातील माणसांना कामावर लावी. त्यामुळे एकाच साचा खात्यात किंवा त्रासन खात्यात एका पंचक्रोशीची माणसे सापडत. परळ-लालबागच्या चाळीत ती एका खोलीत राहत, एका खानावळीत जेवत. पगाराच्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्याला गिरणी, चाळ आणि गाव ह्या तीन जागा वेगळ्या कराव्या लागत नसत. जेथे नियमित वसुली पुरी पडत नसे तेथे नाटकाचा खेळ लावीत, आणि जाहिरातीत ‘इमारत निधीच्या साहाय्यार्थ’ हे शब्द येत. खेळ दशावताराचा असो की तीन अंकी नाटकाचा, तिकीट खपवणारे पुन्हा खात्यातलेच.

पावतीवरील एक अक्षर ह्या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे आहे. देणाऱ्याचे नाव, गाव, वाडी, रक्कम अक्षरी आणि आकडी, ह्यांच्याखाली ‘ह.’ असे लिहून एक नाव येते. ‘ह.’ म्हणजे ‘हस्ते’. ही रूपाने सप्तमी, पण तिने करणाचा अर्थ व्यक्त होतो : ज्याच्या हातून पैसा आला तो. मंडळाच्या जमाखर्चात अशा रीतीने प्रत्येक रुपयाला दोन माणसे चिकटलेली असतात, देणारा आणि आणणारा. पैसा हरवला तर कोणाला विचारावयाचे हे ठरलेले असते. आणि दिला नाही तर कोण विचारील हेही ठरलेले असते. ह्या जमाखर्चात अनामिक काहीच नाही. तीच गोष्ट शिलापट्टांची. ‘कै. अमुक ह्यांच्या स्मरणार्थ’ ह्या घडणीत मृताचे नाव, देणाऱ्याचे त्याच्याशी नाते आणि रक्कम एका वाक्यात येतात. पुष्कळांना ही नावांची हाव वाटते, आणि काही ठिकाणी ती असतेही. तथापि वाचणाऱ्या गावकऱ्याला तो फलक हिशेबाच्या वहीसारखा वाचता येतो, हा त्याचा गुण विसरू नये.

मंडळाच्या नावातील विरामचिन्हही अर्थपूर्ण आहे. ‘अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ ह्या नमुन्याची नावे कोकणभर आढळतात. मराठीत स्थलवाचक नाम सामान्यतः षष्ठीने किंवा समासाने जोडले जाते. येथे दोन्ही टाळून स्वल्पविराम घातला आहे. मंडळ मुंबईचे नव्हे, ते गावाचे. परंतु ते मुंबईत आहे. हा स्वल्पविराम काढला तर मंडळाचे स्वरूपच बदलेल. गावात राहणाऱ्या मानकऱ्यांना ‘स्थानिक’ आणि पैसा पाठवणाऱ्यांना ‘मुंबईकर’ म्हणण्याची पद्धत त्याच दुहेरी सत्तेतून आली, आणि देवळाचा जीर्णोद्धार कोणाच्या शब्दाने व्हावा ह्यावरून ह्या दोघांचे वाद कोकणात नवे नाहीत.

ह्या वर्णनावरून मंडळांविषयी हळवेपणा वाटू देणे मात्र चूक ठरेल. ज्याच्या शब्दावर काम मिळे त्या जॉबरनेच पावती पुढे केली, तर नाही म्हणण्याची सोय बदली कामगाराला कितपत असेल ह्याचा अंदाज करता येतो. आणि ‘ग्रामस्थ’ ह्या शब्दाची व्याप्ती गावाइतकी कधीच नव्हती. गिरण्यांत साचा खाते महार कामगारांना बंद होते. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून इतर विणकर त्यांना शेजारी उभे राहू देत नसत. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे पुढे आणला. खात्याच्या आधाराने चालणाऱ्या वसुलीत ज्यांना खात्यातच जागा नाही त्यांना मंडळातही जागा नसावी, ह्यात आश्चर्य नाही. त्यांची मंडळे वेगळी झाली आणि त्यांच्या वर्गणीचा इतिहास वेगळा लिहावा लागेल. स्त्रियांचेही तेच. वाइंडिंग खात्यात स्त्रिया होत्या, चाळींतून खानावळी चालवून शेकडो पुरुषांना त्या जेवू घालीत होत्या. परंतु त्यांच्या एकत्रित आर्थिक व्यवहाराला संस्थेचे रूप येण्यास १९७५ साल उजाडावे लागले, जेव्हा प्रेमा पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. वर्गणीची भाषा प्रामाणिक होती असे म्हणता येईल, ती उदार होती असे नव्हे. तिने सक्ती लपवली नाही, आणि कोण बाहेर आहे हेही लपवले नाही.

सरकारी परिपत्रकाकडे वळताच भाषा पालटते. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळला जातो. त्यासाठीचा निधी जिल्हाधिकारी कार्यालयांमार्फत, निरनिराळ्या खात्यांतून आणि शाळा-महाविद्यालयांतून गोळा होतो. उद्देश निर्विवादपणे चांगला आहे. माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची देणी समाजाने ओळखावीत हे योग्यच. विचार करावयाचा आहे तो भाषेचा. ही देणगी ऐच्छिक आहे असे सांगितले जाते आणि त्याच व्यवहारात जिल्ह्याला, जिल्ह्याकडून खात्यांना, ‘इष्टांक’ ठरवून दिला जातो. ‘ऐच्छिक’ हा शब्द ‘इच्छा’पासून आला, आणि ‘इच्छा’ व ‘इष्ट’ ही दोन्ही रूपे संस्कृत ‘इष्’ ह्या एकाच धातूची. एकाच कागदावर एकाच धातूची दोन रूपे भेटतात. एकात इच्छा करणारा कर्मचारी आहे, दुसऱ्यात इच्छा कोणाची हे सांगितलेले नाही. ‘इष्ट’ हे कर्मणि धातुसाधित असल्यामुळे कर्ता न सांगताही शब्द पुरा होतो. ज्याची इच्छा प्रत्यक्षात चालते त्याचे नाव व्याकरणाने झाकून टाकले, आणि ज्याची चालत नाही त्याचे नाव वर ठेवले.

दुसरी खूण ‘-ण्यात येणे’ ह्या रचनेची. ‘एक दिवसाचे वेतन कपात करण्यात येईल’, ‘रक्कम मुख्यमंत्री साहाय्यता निधीत जमा करण्यात येईल’ ह्या प्रकारची वाक्ये आपत्तीनंतरच्या कार्यालयीन पत्रव्यवहारात सर्वपरिचित आहेत. क्रियावाचक नामाची सप्तमी आणि ‘येणे’ हे क्रियापद ह्यांनी साधलेल्या ह्या रचनेत कर्त्याला जागाच उरत नाही. जुन्या कर्मणी प्रयोगात कर्ता तृतीयेत का होईना, उभा असे. नवीन कर्मणीत ‘कडून’ लावून तो आणता तरी येतो. ‘-ण्यात येणे’मध्ये तो आणू गेल्यास वाक्य जड होते, म्हणून कोणी आणत नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर राज्यकारभाराची मराठी घडवण्याचे जे मोठे काम झाले, त्यात ही रचना कार्यालयीन गद्याचा कणा बनली. (विद्यापीठीय गद्यही तिच्यातून सुटलेले नाही; संशोधन कोणी केले हे न सांगता ‘करण्यात आले आहे’ असे लिहिणारे प्रबंध ढिगाने सापडतात.) परिणामी कापणारा दिसत नाही आणि ज्याचे कापले गेले तोही देणारा म्हणून दिसत नाही. दिसते ती फक्त रक्कम.

मराठीने ‘वेतनदान’ हा शब्द घडवला नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. ‘दान’ हे उत्तरपद अत्यंत फलद्रूप आहे. अन्नदान, गोदान, विद्यादान ह्या जुन्या शब्दांच्या रांगेत विसाव्या शतकाने रक्तदान, नेत्रदान, देहदान, भूदान, श्रमदान असे कितीतरी शब्द आणून बसवले. ‘मतदान’ तर इतके रुळले की त्यात कोणी काही देतो हे जाणवतही नाही. मग वेतनाचेच दान का नाही? धर्मशास्त्रकारांच्या व्याख्येप्रमाणे दानात स्वतःचे स्वत्व निवृत्त होऊन दुसऱ्याचे उत्पन्न व्हावे लागते. जे हातात आलेच नाही, पगारपत्रकातच वजा झाले, त्यावरचे स्वत्व सोडण्याची कृती माणसाकडून घडत नाही. भाषा बोलणाऱ्या समाजाने हा फरक कोणत्याही मीमांसकाला न विचारता ओळखला, आणि त्या व्यवहाराला ‘कपात’ हेच नाव राहू दिले.

हा केवळ शब्दच्छल नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या सातव्या कलमाने पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधीसारख्या निधीसाठी वेतनातून कपात करण्यास मुभा दिली होती, पण ती नोकराच्या लेखी संमतीच्या अटीवर. संमती द्यावी लागते की नकार कळवावा लागतो, ह्यावर सारे अवलंबून असते. २०१८ च्या महापुरानंतर केरळ शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना एका महिन्याचे वेतन देण्याचे आवाहन केले आणि ज्यांना ते द्यावयाचे नसेल त्यांनी तसे लेखी निवेदन द्यावे असे ठरवले. केरळ उच्च न्यायालयाने ह्या नकारपत्राच्या अटीला स्थगिती दिली, आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पूरग्रस्तांना मदत करावी की नाही हा तेथे वाद नव्हता. ‘मी देणार नाही’ हे वाक्य आपल्या वरिष्ठाला लिहून देण्याची पाळी माणसावर आणावी की नाही, हा होता. मौनाचा अर्थ होकार धरला की ‘स्वेच्छेने’ हे क्रियाविशेषण वाक्यात उरते, त्याचे विशेष्य असलेली क्रिया मात्र नाहीशी होते. ज्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याचा एक दिवसाचा पगार म्हणजे घरातला एक दिवसाचा शिधा, त्याच्या बाबतीत तर हा भेद फार मोलाचा आहे.

अमेरिकेतील अनुभव ह्याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. तेथे युनायटेड वे ह्या संस्थेने कारखान्या-कचेऱ्यांतून पगारकपातीच्या मार्गाने निधी उभारण्याची पद्धत रूढ केली. १९६१ पासून संघशासनाच्या नोकरांसाठीही तशी एकत्रित मोहीम चालते. ह्या मोहिमांतून प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने ‘फेअर शेअर’, म्हणजे रास्त वाटा, द्यावा ही कल्पना पुढे आली. इंग्रजीतील परोपकाराच्या परिभाषेत वाट्याची कल्पना अशी बाहेरून आणून बसवावी लागली, आणि तिच्याबरोबर वरिष्ठांच्या दडपणाविषयीच्या तक्रारीही आल्या. मराठीत वाट्याचा शब्द आधीपासूनच होता. परिपत्रकाने ‘वर्गणी’ न म्हणता ‘ऐच्छिक देणगी’ म्हटले, आणि वसुली मात्र वर्गणीच्या रीतीने चालू ठेवली. येथे दोष संस्थेपेक्षा शब्दयोजनेचा अधिक आहे. वर्गणी मागणाऱ्यावर हिशेब देण्याचे बंधन येते. देणगीच्या बाबतीत केवळ आभार मानले तरी भागते.

तिसऱ्या प्रकारचा मजकूर कंपन्यांच्या अहवालांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने, १ एप्रिल २०१४ पासून, ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे दायित्व आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला देशभरच्या कचेऱ्यांतून स्वच्छतेची शपथ घेतली गेली. तीत वर्षाकाठी शंभर तास श्रमदानाचे वचन होते. इंग्रज तत्त्वज्ञ ऑस्टिन ह्यांनी ज्यांना कृतिरूप उच्चार म्हटले त्यांचे शपथ हे ठळक उदाहरण. पण वचन हे प्रथमपुरुषी एकवचनात आणि नाकारण्याच्या मोकळिकीसह उच्चारले तरच ते वचन ठरते. प्रमुखाच्या पाठोपाठ रांगेत उभे राहून म्हटलेल्या वाक्याला कृतीचे बळ कितपत येते, हा प्रश्न राहतोच.

‘श्रमदान’ हा शब्द १९५२ च्या सामूहिक विकास कार्यक्रमात खेड्याखेड्यांतून पोचला. त्या वेळी शेतकरी स्वतःच्या गावच्या रस्त्यासाठी स्वतःचा वेळ देत असे. त्याची मजुरी बुडे, आणि म्हणून ते दान होते. (गावातील दुबळ्यांच्या वाट्याला रस्ता कमी आणि श्रम अधिक आले, ही त्या कार्यक्रमावरची टीकाही सुपरिचित आहे.) कचेरीच्या वेळात, पगार चालू असताना, कंपनीने नेलेल्या बसमधून येऊन किनारा झाडणाऱ्याचे श्रम कोणाच्या मालकीचे? ते तास कंपनीने आधीच विकत घेतलेले असतात. दान झालेच असेल तर कंपनीचे. पण तेही हिशेबात बसत नाही : कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात कर्मचाऱ्यांच्या सहभागास उत्तेजन देतानाच, त्यांच्या विनामूल्य सेवेची पैशात किंमत करून ती कायदेशीर खर्चात धरता येणार नाही असे सांगितले. कायद्याने येथे दाखवलेला संकोच भाषेला हितकारक आहे. अहवाललेखकांना मात्र तो मानवत नाही, आणि मनुष्यतासांचे व किलोग्रॅमांचे आकडे रकान्यांतून वाढत राहतात.

ह्या अहवालांतील दोन शब्द तपासावेत. ‘दत्तक गाव’ हा पहिला. दत्तक म्हणजे दिलेला. दत्तविधानात ज्यांचे मूल असते ते आईबाप देतात, घेणारा घेतो, आणि दिल्याशिवाय दत्तक होत नाही. गाव दत्तक घेतले असे सांगताना ते कोणी दिले हे कोणी सांगत नाही; ग्रामसभेला कर्तृपद मिळत नाही. आणि ज्याला दत्तक घ्यावयाचे तो अज्ञान असतो, ही ध्वनी तर शब्दाबरोबर फुकट येते. दुसरा शब्द ‘लाभार्थी’. विद्यार्थी, शरणार्थी ह्यांच्या जातीचा हा शब्द. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा, मागणारा. मंडळाच्या जाहिरातीतील ‘साहाय्यार्थ’मध्ये ‘अर्थ’ होता, तो हेतू सांगत होता आणि मागणारे मंडळ स्वतःच होते. अहवालात मागणारे म्हणून गावच उभे केले आहे, त्याने काही मागितलेले नसतानाही.

तोंडवलीच्या वाळूवर ह्याचा पडताळा घेता येतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या ज्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात त्यांत तोंडवलीचा समावेश आहे. हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. अंडी उबून पिले बाहेर पडण्यास पन्नास दिवसांच्या आसपास लागतात. मादी येते ती रात्री. ह्या कामाला रोजची पहाटेची फेरी लागते, कोल्ह्या-कुत्र्यांपासून राखण लागते, आणि ते सारे गावातील माणसेच करतात. त्यांना वनविभागाच्या आणि लोकांच्या बोलण्यात ‘कासवमित्र’ म्हणतात, आणि त्यांना मिळते ते ‘मानधन’. हा शब्द मोठा चतुर आहे. मोबदला कमी असला तरी मानाचे नाव पुढे घातल्याने तक्रारीस जागा राहत नाही. शहरातून एका शनिवारी येणारा ‘स्वयंसेवक’ आणि पन्नास रात्री जागणारा ‘मित्र’ ह्यांत खरी स्वयंसेवा कोणाची, हे शब्दांवरून ठरवू गेल्यास उत्तर उलटे येईल. त्या शनिवारच्या श्रमांची किंमत शून्य आहे असे मात्र नव्हे. जाळ्यांचे तुकडे आणि प्लास्टिक उचलल्याने किनारा मोकळा होतो, आणि कचेरीतील एखाद्या तरुणाला समुद्र प्रथमच जवळून दिसतो. परंतु तळाशीलचा सर्वांत मोठा प्रश्न धुपेचा आहे. समुद्र पट्टी खात चालला आहे, आणि ग्रामस्थांची मागणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची आहे. ती शासनाकडे हक्काने केलेली मागणी असल्यामुळे तिला ‘लाभार्थी’ ही संज्ञा लागू पडत नाही, आणि कोणत्याही कंपनीच्या स्वच्छतादिनाच्या रकान्यात ती मावत नाही.

मंडळांचा पैसा आटला तो ह्याच्या आधी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यांतील फार मोठा भाग पुन्हा कामावर गेलाच नाही. खाते मोडले, म्हणजे वसुलीची वाट मोडली. बेस्ट, महापालिका, गोदी आणि सरकारी कचेऱ्या ह्यांतील नोकरदारांनी मंडळे पुढे चालवली. परंतु एका खात्यात एका पंचक्रोशीची माणसे असण्याचे दिवस संपले होते.

ह्या पार्श्वभूमीवर एक अलीकडची घटना उद्बोधक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार ह्यांनी शासकीय व्यवहारात ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासी’ असा शब्द वापरण्याच्या सूचना दिल्या. ‘चाकर’ हा फार्सी शब्द कमीपणाचा वाटतो, ही त्यामागील भावना समजण्यासारखी आहे, आणि ज्यांना शब्द लागतो त्यांच्या भावनेला कोशकाराने तुच्छ लेखू नये. तरीही पर्यायाची परीक्षा करणे भाग आहे. ‘वासी’ म्हणजे राहणारा. आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो नेमका कोकणात राहत नाही, म्हणून तर त्याला जादा गाड्या लागतात. ‘चाकरमानी’ हा शब्द गावातून उच्चारला जातो. बोलणारा गावात आहे आणि ज्याच्याविषयी बोलतो तो चाकरीसाठी बाहेर आहे, पण परका नाही, असा पुरा संबंध त्यात साठवलेला आहे. नोकरीच्या जागी राहून गावाचे देणे लागणारा माणूस असा अर्थ देणारा दुसरा एकपदी शब्द प्रमाण मराठीत नाही. ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’मधील स्वल्पविराम ह्या एका शब्दात सामावला होता, ‘कोकणवासी’त तो उरलेला नाही.

ह्या विषयाचा पुढील अभ्यास व्हावयाचा तर आधी साधने हाती यावी लागतील. अहवाल छापील असतात, परिपत्रके दप्तरी राहतात. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, मंडळांच्या हस्तलिखित जमाखर्चाच्या वह्या आणि नाट्यप्रयोगांच्या हस्तपत्रिका मात्र गिरणगावातील चाळी पाडल्या जात असताना रद्दीत जात आहेत. मालवण तालुक्यातील एकेका गावाच्या मुंबई मंडळाकडील अशा कागदांची सूची करणे आणि त्यांतील ‘ह.’ खालची नावे खाते व वाडी ह्यांनुसार लावून पाहणे, हे पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील काम आहे. बौद्ध वस्त्यांच्या मंडळांचे कागद त्यात आरंभापासून वेगळ्या भागात घ्यावेत. ते नंतरची पुरवणी म्हणून घेतल्यास ‘ग्रामस्थ’ ह्या शब्दाचा जुनाच संकोच अभ्यासातही शिरेल.